पन्नास ढोल आणि न सापडणारं बटण

भाची सरावाहून आली तेव्हा तिच्या बोटांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि हातात कॅल्क्युलेटर होता. गणपती जवळ आले की हे नेहमीचं. दिवसा कॉम्प्युटरचा डिप्लोमा, संध्याकाळी गंगापूर रोडच्या बाजूला ढोल पथकाचा सराव, आणि उशीर झाल्याची बोलणी खायची नसली की वही घेऊन मामाकडे. मी डिप्लोमाच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेतो, त्यामुळे वही ही तिची हक्काची सबब आहे.

“मामा, ह्याच्यात लॉग टू नाहीचे.”

कॅल्क्युलेटर तिच्या थोरल्या भावाचा. कॅसिओचा एफएक्स-८२ एमएस, झाकणावर कर्कटकाने त्याचं नाव कोरलेलं. वहीत गणित असं होतं: पन्नास नावं अकारविल्हे लावली आहेत. दर वेळी मधलं नाव बघायचं आणि नको असलेली अर्धी यादी सोडून द्यायची. हवं ते नाव सापडायला जास्तीत जास्त किती वेळा बघावं लागेल? वर्गात फळ्यावर सांगितलं होतं, लॉग फिफ्टी टू द बेस टू काढा. तिने लॉग दाबलं, २ दाबलं, मग मध्ये काहीतरी हवं म्हणून गुणाकाराची खूण दाबली, ५० दाबलं. उत्तर आलं १५.०५.

“पन्नास नावांना पंधरा वेळा?” मी म्हटलं. “मग अर्धी यादी सोडून देऊन मिळवलं काय?”

तिने खांदे उडवले. कॅल्क्युलेटरने सांगितलं म्हणजे असेल, असा त्या खांद्यांचा अर्थ होता. मी कॅल्क्युलेटर तिच्या हातातून काढून घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला.

“समज, तुमच्या पथकात आज एकच ढोल आहे. उद्या दोन, परवा चार, तेरवा आठ. रोज दुप्पट. पन्नास ढोल व्हायला किती दिवस लागतील?”

तिने चिकटपट्टीच्या बोटांवर मोजलं. सोळा. बत्तीस. चौसष्ट. पाच वेळा दुप्पट केलं की बत्तीस, सहाव्यांदा केलं की चौसष्ट. “पाच आणि सहाच्या मध्ये कुठेतरी.”

लॉग एवढंच विचारतो. एकापासून निघालो, दर वेळी ठरावीक पटीने वाढत गेलो, तर अमुक संख्येपर्यंत पोचायला किती वेळा वाढावं लागलं? सातवीच्या पुस्तकात आपण ‘२ चा ५ वा घात ३२’ शिकलेलो असतो. त्यात २ हा पाया, ५ हा घातांक. लॉगमध्ये प्रश्न उलटा येतो: पाया २ आहे, पोचायचं ३२ वर आहे, घातांक सांगा. मराठीत ह्याला लघुगणक म्हणतात. पण तो शब्द बोलताना वापरणारा विद्यार्थी मला नाशकात अजून भेटायचाय, म्हणून इथे लॉगच म्हणतो.

पाच आणि सहाच्या मध्ये, पण नेमकं कुठे? इथे बहुतेक जण फसतात. बत्तीस आणि चौसष्टच्या बरोबर मध्ये अठ्ठेचाळीस. पन्नास त्याच्या जरासं पुढे, मग उत्तर साडेपाचाच्या किंचित पुढे असणार, असं मनात येतं. पण आपण बेरजेने चालत नाही, पटीने चालतो. दुप्पटीचं अर्धं पाऊल म्हणजे अशी पट, की जी दोनदा लागू केली तर दुप्पट होईल. ती १.४१४, म्हणजे २ चं वर्गमूळ. ३२ ला १.४१४ ने गुणलं तर साधारण ४५ येतात. म्हणजे साडेपाच पावलांवरच ४५ ढोल झाले. पन्नास त्याच्या बरेच पुढे आहेत. उत्तर ५.६ च्या आसपास यायला हवं, आणि एवढं कळायला बटण लागत नाही. शिकवणीत मी हे आधी करून घेतो, कारण एकदा अंदाज मनात असला की १५.०५ बघून माणूस खांदे उडवत नाही.

आता पाऊल हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्या भाषेने इथे सोय करून ठेवली आहे. ‘पायाचा’ म्हटलं की तो पाया ह्या शब्दाचाही होतो आणि पाय ह्या शब्दाचाही. लॉगचा पाया म्हणजे खरोखर पाऊल किती मोठं, हेच. एका ढोलापासून पन्नास ढोलांपर्यंतचा प्रवास एकच आहे. तो दुप्पटीच्या पावलांनी चाला, तिपटीच्या चाला, पाचपटीच्या चाला किंवा दसपटीच्या चाला. अंतर बदलत नाही, पावलांची संख्या बदलते. पाऊल मोठं तर संख्या कमी.

आता गोदाघाटावर जाऊ. समजा रामकुंडापासून गाडगे महाराज पुलाच्या दिशेने मी हजार फूट चाललो आणि माझं एक पाऊल अडीच फुटांचं आहे. किती पावलं? हजार भागिले अडीच, चारशे. आता हेच कुणी मीटरमध्ये मोजलं तर? अंतर ३०४.८ मीटर, पाऊल ०.७६२ मीटर. भागाकार पुन्हा चारशे. फूटपट्टी असो की मीटरची टेप, पावलांची संख्या तीच, कारण अंतर आणि पाऊल दोन्ही एकाच टेपने मोजलं की टेपचं माप भागाकारात उडून जातं. अट एकच, की दोन्ही एकाच टेपने मोजायचं.

कॅल्क्युलेटरमध्ये अशा दोन टेप आहेत. ज्या बटणावर इंग्रजीत एल-ओ-जी लिहिलंय ती दसपटीची टेप. ज्यावर एल-एन लिहिलंय ती ‘ई’ची टेप, म्हणजे २.७१८२८... ह्या संख्येची. दुप्पटीची टेप त्यात नाही, पाचपटीची नाही, आणि लागतही नाही. प्रवास मोजा, पाऊल मोजा, भागा.

तिला कॅल्क्युलेटर परत दिला. लॉग ५० म्हणजे पन्नासपर्यंतचा प्रवास, दसपटीच्या टेपवर: १.६९८९७. लॉग २ म्हणजे दुप्पटीचं एक पाऊल, त्याच टेपवर: ०.३०१०३. भागाकार ५.६४३८.

“आता दुसऱ्या टेपने कर.”

एलएन ५० आलं ३.९१२०, एलएन २ आलं ०.६९३१. भागाकार ५.६४३८. ती दोन्ही उत्तरांकडे जरा वेळ बघत राहिली. मला वाटतं त्या दिवशीची शिकवणी तिथेच झाली, बाकीचं सगळं हात बसवण्याचं काम.

सूत्र म्हणून लिहायचं तर: कुठल्याही पायाचा लॉग = संख्येचा लॉग ÷ पायाचा लॉग. पुस्तकात ह्याला ‘चेंज ऑफ बेस’ म्हणतात आणि ते पाठ करून घेतात. पाठ केलेलं सूत्र परीक्षेच्या दिवशी हमखास उलटं आठवतं, वर काय आणि खाली काय ह्यात गोंधळ होतो. प्रवास भागिले पाऊल हे मात्र उलटं आठवत नाही. पुरावा हवा असेल तर तो दोन ओळींचा आहे. २ चा अमुक घात ५० आहे; दोन्ही बाजूंचा लॉग घ्या; घातांक लॉगच्या पुढे गुणाकारात येऊन बसतो, म्हणजे अमुक × लॉग २ = लॉग ५०. आता भागून टाका.

यादीच्या गणिताचं उत्तर मग सहा. ५.६४ वेळा कुणी यादी बघू शकत नाही, पाचदा बघून काम पुरं होत नाही, म्हणून सहा. पन्नासातलं मधलं पाहिलं की फार तर पंचवीस उरतात, मग बारा, सहा, तीन, एक, आणि सहाव्यांदा ते एक बघायचं.

आता बटणं. इथे मॉडेलप्रमाणे वागणूक बदलते आणि पोरांचे निम्मे मार्क तिथेच जातात. एमएस प्रकारच्या जुन्या मॉडेलमध्ये लॉग दाबलं की नुसता लॉग उमटतो, कंस येत नाही. तिथे लॉग, ५०, भागाकार, लॉग, २, बरोबर, असं सरळ दाबलं की उत्तर मिळतं. ईएस प्रकारच्या मॉडेलमध्ये मात्र लॉग दाबताच डावा कंस आपोआप उघडतो. तो बंद करणं तुमचं काम. तो बंद न करता तसंच पुढे दाबत गेलात तर मशीन समजतं की तुम्हाला ‘पन्नास भागिले लॉग २’ ह्या सगळ्याचा लॉग हवाय, आणि मुकाट्याने २.२२०४ दाखवतं. तक्रार नाही, एरर नाही. शेवटचे उघडे कंस ते मनातल्या मनात बंद करून घेतं, म्हणून तर ही चूक दिसत नाही. ५० नंतर कंस बंद करा, मग भागाकाराची खूण.

इतकी वर्षं वह्या तपासून मला आता चुकीच्या उत्तरावरून चूक ओळखता येते. हेच गणित घ्या. १५.०५ आलं तर लॉग २ ला ५० ने गुणलंय. ०.१७७ आलं तर भागाकार उलटा झालाय, पावलाला प्रवासाने भागलंय. १.३९८ आलं तर ५० ला २ ने भागून मग लॉग घेतलाय, म्हणजे तो लॉग २५ आहे. ०.८४९ आलं तर लॉग ५० ला नुसत्या २ ने भागलंय, खालचा लॉग विसरलाय. २.२२ म्हणजे कंस. आणि २.४५ किंवा १२.९९५ आलं तर वर एक टेप आणि खाली दुसरी टेप वापरलीय, फुटाला मीटरने भागल्यासारखं. ही शेवटची चूक हुशार मुलांकडून होते, कारण त्यांना दोन्ही बटणं माहीत असतात.

काही मॉडेलवर एक वेगळं बटण असतं: लॉग लिहिलेला, त्याच्या पायाशी एक छोटी चौकट आणि पुढे एक मोठी चौकट. छोट्या चौकटीत पाया, मोठ्यात संख्या, मध्ये बाणाच्या बटणाने सरकायचं. एफएक्स-९९१ ईएस घेतलेल्यांनी एवढंच करावं आणि सुखात राहावं. त्याच कॅल्क्युलेटरवर एका ओळीत लिहायची सोय निवडली असेल तर कंसात आधी पाया, मग स्वल्पविराम, मग संख्या. लॉग, कंसात २ स्वल्पविराम ८, उत्तर ३.

आणि मग तुम्ही एक्सेल उघडता. तिथे क्रम उलटा. लॉगच्या कंसात आधी संख्या, मग पाया. पाया लिहिलाच नाही तर एक्सेल १० धरतं. पायथन ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतही आधी संख्या मग पाया, पण पाया लिहिला नाही तर तिथला नुसता लॉग ‘ई’चा असतो, म्हणजे कॅल्क्युलेटरवरचं एलएन. एकाच शब्दाचे दोन अर्थ. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, गणितातल्या लोकांना लॉग म्हणजे ‘ई’चाच वाटतो आणि इंजिनिअरांना दहाचा. आयफोन आडवा धरला की त्याच्या कॅल्क्युलेटरवर लॉग १० उघड असतो आणि लॉग २ दुसऱ्या थरात लपलेला. पाठ करत बसू नका. नवं यंत्र हातात आलं की आधी ८ आणि २ टाकून बघा. ३ आलं तर क्रम बरोबर, ०.३३३३ आलं तर उलटा. दहा सेकंदांचं काम आहे.

पायथनची एक गंमत सांगतो, कारण भाचीला ती वर्गात पुढे भेटणारच आहे. १००० चा १० पायाचा लॉग तोंडी ३ आहे. पायथनला दोन आकड्यांच्या लॉगने हे विचारलं तर ते २.९९९९९९९९९९९९९९९६ सांगतं. कारण तेही आतून आपलंच सूत्र वापरतं, दोन ‘ई’चे लॉग काढून भागतं, आणि दोन्ही लॉग कुठेतरी तोडलेले असतात. आता प्रोग्रॅममध्ये कुणी त्याचा पूर्णांक भाग घेतला की तीनचे दोन होतात. कॅसिओ पडद्यावर दहा अंक दाखवतो आणि आत त्याहून जास्त सांभाळतो, म्हणून त्याच्यावर हे सहसा दिसत नाही.

एवढ्यात ताई आली. म्हणजे भाचीची आई, हातात डबा आणि चेहऱ्यावर ‘इथेच असणार तू’. डबा ठेवून तीही बसली. लॉग-बिग मला नको सांगू म्हणाली, पण बँकेतल्या एफडीचं विचारते. व्याज ७ टक्के, पैसे दुप्पट कधी होतील?

हा लॉगचाच प्रश्न आहे, फक्त पाऊल फार छोटं. वर्षाला एकदा व्याज धरलं तर पाऊल १.०७ पटीचं. पोचायचं २ वर. म्हणजे १.०७ पायाचा लॉग २. पाया पूर्णांक असला पाहिजे असं कुणी सांगितलं नाही. लॉग २ भागिले लॉग १.०७, उत्तर १०.२४ वर्षं. दहा वर्षं आणि साधारण तीन महिने. पण आपल्याकडच्या बँका एफडीवर सहसा दर तिमाहीला चक्रवाढ करतात. तिमाहीला ७ चा पाव, म्हणजे पाऊल १.०१७५ पटीचं. लॉग २ भागिले लॉग १.०१७५, उत्तर ३९.९५ तिमाही. चाळीस तिमाही म्हणजे दहा वर्षं. तिमाहीमुळे तीन महिने वाचले.

भाचीने कॅल्क्युलेटर ओढून घेतला आणि स्वतः करून पाहिलं. तिचं उत्तर आलं ३०.१ तिमाही, साडेसात वर्षं. ताई खूश झाली. मी वही बघितली. लॉग १.०१७५ चं उत्तर ०.००७५३४ आलेलं, तिने दोन दशांशांत आणायचं म्हणून ०.०१ लिहिलं, लॉग २ चं ०.३०१, आणि भागलं. भौतिकशास्त्राच्या प्रयोगवहीत दोन दशांशांत लिहायची सवय असते ना, ती. पाऊल इतकं छोटं असताना त्याचा शेवटचा अंक तोडणं म्हणजे पावलाचा एक मोठा तुकडाच तोडणं किंवा जोडणं. अडीच वर्षांचा फरक पडला, आणि तोही आईच्या पैशांत. मधलं उत्तर कागदावर उतरवून पुन्हा टाइप करू नका. एका दमात दाबा, नाहीतर मशीनच्या मेमरीत ठेवा. कागदावर फक्त शेवटचं उत्तर येऊ दे.

छोट्या पावलाचा हा प्रकार, तसा मागे जाणाऱ्या पावलाचाही. अंबड एमआयडीसीत मशीन घेणाऱ्याला प्राप्तिकरात यंत्रसामग्रीवर दर वर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के घसारा मिळतो. म्हणजे वर्षाला ०.८५ पट. किंमत पाचवा हिस्सा उरायला किती वर्षं? लॉग ०.२ भागिले लॉग ०.८५. दोन्ही लॉग ऋण येतात, घाबरायचं नाही, भागाकारात ऋणाला ऋण जातं. ९.९ वर्षं.

पाया १ दिला तर कॅल्क्युलेटर मॅथ एरर दाखवतो. एकपटीचं पाऊल म्हणजे जागच्या जागी पाय आपटणं; कितीही आपटा, पन्नासवर पोचणार नाही. शून्याचा किंवा ऋण संख्येचा लॉग मागितला तरी तीच एरर.

ही दोनच बटणं का, हे भाचीने विचारलं नाही, ताईने विचारलं. त्याचं उत्तर चारशे वर्षं मागे जातं. स्कॉटलंडच्या जॉन नेपिअरने १६१४ साली लॉगचं पहिलं कोष्टक छापलं, ते गुणाकाराची बेरीज करता यावी म्हणून. तेव्हाच्या खगोलशास्त्रज्ञांना मोठमोठे गुणाकार हाताने करावे लागत. त्याचे लॉग आजच्यासारखे दहाच्या पायाचे नव्हते. लंडनचे प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज हे पुस्तक वाचून इतके भारावले, की १६१५ मध्ये त्याला भेटायला एडिंबरोला गेले. पाया दहा घेऊ या, असं दोघांचं ठरलं, कारण आपली संख्या लिहायची पद्धतच दहाची आहे. ५० चा लॉग १.६९९ असेल तर ५०० चा २.६९९ आणि ५००० चा ३.६९९, दशांशचिन्हानंतरचं तेच, फक्त त्याच्या आधीचा आकडा बदलतो. त्यामुळे एकाच कोष्टकात काम भागतं. नेपिअर १६१७ मध्ये गेला. ब्रिग्जने १६२४ साली चौदा दशांशांपर्यंतचं कोष्टक छापलं.

बारावीच्या बोर्डाच्या फिजिक्स-केमिस्ट्रीच्या पेपरात आजही लॉग टेबल चालतं आणि कॅल्क्युलेटर चालत नाही. ते टेबल म्हणजे ब्रिग्जची कल्पना, चार दशांशांत आणलेली. मी बारावीत असताना असा भागाकार टेबलाने करायचा प्रसंग आला होता. १.६९९० भागिले ०.३०१०. आता भागाकार करायचा तर टेबलात पुन्हा ह्या दोन आकड्यांचे लॉग बघायचे, वजा करायचे आणि अँटिलॉग काढायचा, म्हणजे लॉगवरून परत मूळ संख्येकडे यायचं. लॉगचा लॉग! मी ते सोडून दिलं आणि साधा भागाकार समासात केला. मार्क मिळाले.

खिशात मावणारा पहिला सायंटिफिक कॅल्क्युलेटर, ह्युलेट-पॅकार्डचा एचपी-३५, १९७२ साली आला. त्यावरही हीच दोन बटणं होती. दहाचं हिशोबासाठी आणि ‘ई’चं निसर्गातल्या वाढ-घटीसाठी, जिथे वाढ टप्प्याटप्प्याने नाही तर क्षणाक्षणाला होते. बाकीचे पाये भागाकाराने मिळतात म्हटल्यावर त्यांना बटण कोण देणार?

डबा उघडला होता. थालीपीठ खाता खाता भाचीने पालथ्या पडलेल्या प्रश्नाला पुन्हा हात घातला. “मग पन्नास ढोल खरंच वाजले तर एका ढोलापेक्षा किती मोठं वाजतं? पन्नासपट?”

आवाजाची शक्ती पन्नासपट, हे बरोबर. पण डेसिबल हे माप लॉगमध्ये आहे: शक्ती किती पट झाली त्याचा १० पायाचा लॉग, गुणिले १०. सगळे सारख्याच जोराने वाजवतायत आणि ऐकणाऱ्यापासून सारख्याच अंतरावर आहेत असं धरलं, तर १० × १.६९९, म्हणजे १७ डेसिबल. फक्त १७.

तिचं तोंड उतरलं. मी म्हटलं, दुसऱ्या पावलांनी चालून बघ. शक्ती दुप्पट झाली की किती डेसिबल वाढतात? १० × लॉग २, म्हणजे ३.०१. पन्नास ढोल म्हणजे किती दुप्पटी? ५.६४३८, आत्ताच काढलं. गुणाकार कर. तिने केला: १६.९९. तोच प्रवास, दुप्पटीच्या पावलांनी मोजून मग प्रत्येक पावलाचे डेसिबल लावले तरी तिथेच पोचलो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दहाच आकड्यांचा फरक दिसतो, पण तो दसपटीचं एक अख्खं पाऊल आहे: रात्री शक्ती दहावा हिस्सा. सराव दहाच्या आत का संपवावा लागतो, हे तिच्या पथकप्रमुखाने बहुधा ह्या भाषेत सांगितलं नसावं.

“मग वीस डेसिबल हवे असतील तर?”

२० ला १० ने भागलं, २. लॉग २ नव्हे, लॉगचं उत्तर २. म्हणजे उलट जायचं: शिफ्ट आणि लॉग दाबलं की दहाचा घात मिळतो, त्याचं उत्तर १००. शंभर ढोल. पन्नास ढोलांनी १७ मिळवले, पुढच्या पन्नासांनी जेमतेम ३.

उलट जाण्यावरून आठवलं. उत्तर तपासायला हीच वाट. ५.६४ आलं ना, मग २ चा ५.६४ वा घात करून बघा, टोपीसारख्या खुणेचं बटण असतं किंवा वर छोटी चौकट असलेलं. ४९.८७ येतं, पन्नासला लागून. पुरं उत्तर अ‍ॅन्सरच्या बटणाने घेतलं तर पन्नास.

ताई दोघींचं जेवण आवरून तिला घेऊन गेली. जाताना कॅल्क्युलेटर माझ्याकडेच राहिला, तो दुसऱ्या दिवशी नेला.

आठवड्याने रात्री साडेदहाला मेसेज आला, सराव संपल्यानंतरचा. सोबत कॅल्क्युलेटरच्या पडद्याचा फोटो, कडेला चिकटपट्टीचं बोट.

“मामा, पथकात दोन नवीन ढोल आले. बावन्न झालो. ०.१७ डेसिबल.”